नानांच्या चिठ्ठीतली पाचवी ओळ

औषध घ्यायला आलेल्या माणसाला आधी हात धुवायला लावणारा दुकानदार धरणगावात एकच होता. ते म्हणजे नाना. दुकानाच्या पायरीशी एक रांजण, त्यावर पितळी तांब्या आणि बाजूच्या खिळ्याला सुतळीने टांगलेला लाल साबण. डोकेदुखीची गोळी मागा, खोकल्याचं औषध मागा, नाना काही बोलायचे नाहीत. पण ओठावर फोड घेऊन कुणी आलं, की मान वर न करताच हुकूम सुटायचा, "आधी हात. मग ट्यूब."

नवखा माणूस चिडायचा. "नाना, औषधाला आलो, पंगतीला नाही."

"पंगतीला नाही धुतलेस तर तुझंच पोट बिघडेल," नाना म्हणायचे. "इथे नाही धुतलेस तर घरातल्या कुणाचा तरी डोळा जाईल."

माणूस पुटपुटत हात धुवायचा. नाना ते पुसायला टॉवेल देत नसत. "झटक. वाळतील." एकाचा टॉवेल दुसऱ्याला लावणं त्यांना मान्यच नव्हतं.

गाव त्यांना बोळेनाना म्हणायचं, तेही याच ट्यूबमुळे. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ते काड्यापेटीतल्या काड्या घेऊन बसत. गुल मोडायचं, टोकाला कापूस गुंडाळायचा, चिमटीत फिरवून घट्ट करायचा. ट्यूबबरोबर अशा पंचवीस काड्यांची पुडी मिळायची. दिवसातून पाच वेळा, पाच दिवस. एक काडी एकदाच वापरायची, लगेच चुलीत टाकायची. फोडाला बोट टेकवायचं नाही, ट्यूबचं तोंड तर मुळीच टेकवायचं नाही. भोवती सगळी कापसाची शेती. लोकांना या पुडीचं हसू यायचं. "नाना, मना वावरमां कापूसच कापूस शे, अन् तुम्ही माले पुडीमां कापूस देतस!" असं म्हणत एक शेतकरी पोट धरून हसलेला मी पाहिला आहे. नाना हसले नाहीत. पुडीतल्या काड्या पुन्हा एकदा मोजून त्याच्या हातात दिल्या.

मी मूळची धरणगावची नव्हे, बार्शीकडची. सातवीत शाळा सुटली, पुढे लग्न झालं, आणि नव्वदीच्या सुरुवातीला आमचे हे धरणगावच्या कापसाच्या एका जिनिंग कारखान्यात फिटर म्हणून लागले. नानांच्या दुकानापासून दोन घरं सोडून अक्कांकडे आम्ही एक खोली घेतली. माहेर एवढं लांब की पत्र जाऊन उत्तर यायला पंधरा दिवस लागत. भाषा कळेना. अक्का 'आहे'ला 'शे' म्हणाल्या की मला वाटायचं वाक्य अर्धंच राहिलं. मी जात्याच घाबरट. दारावर कुणी आलं तरी छातीत धडधडायचं.

पहिल्याच पावसाळ्यात मला हिवताप झाला. ताप उतरला आणि वरच्या ओठावर फोडांचा झुबका उठला. अक्का टाळी वाजवून म्हणाल्या, "ताप मुती ग्या माय, आते भ्याव नही!" म्हणजे अंगातला ताप ओठावर मुतून निघून गेला, आता भीती नाही. तिकडे सगळे असंच म्हणत आणि असंच मानत. ओठावर फोड आला म्हणजे सुटलो. त्या आनंदात लोक एका बिडीचे झुरके वाटून घेत, एका कपात चहा पीत.

मी दुकानात गेले. तो शब्द काही माझ्या तोंडून निघेना. "ओठ उतलाय," एवढंच म्हणाले.

"इथे त्याला ताप मुतला म्हणतात," नाना म्हणाले. "लाजू नकोस. शब्द वाईट नाही, समजूत वाईट आहे. ताप निघून गेला असं वाटतं ना सगळ्यांना? तो कुठेही जात नाही. नुसता बाहेर ओट्यावर येऊन बसतो. येणाऱ्याजाणाऱ्याच्या अंगाला लागतो, आणि मग परत आत जाऊन झोपतो. पुन्हा कधीतरी येतोच." मग नेहमीचं, "आधी हात."

त्यांनी मला ट्यूब दिली. तिला लाल दोरा बांधलेला होता. डोळ्याची मलमंही तेवढ्याच आकाराची. वाचता न येणारा माणूस ओठाची ट्यूब डोळ्यात घालून बसेल, म्हणून हा दोरा. "लाल दोरा डोळ्याला नाही, तोंडाच्या आतही नाही. आणि काजळाच्या डबीत बोट घालायचं नाही, खपली पडेपर्यंत." एका घरातल्या बाईने फोडाला लावलेलंच बोट काजळात घातलं, त्याच डबीतलं काजळ पोरीला लावलं आणि पोरीच्या डोळ्यात फूल पडलं, ही गोष्ट त्यांनी मला तेव्हाच सांगितली. मी घरी गेले आणि काजळाची डबी अख्खीच फेकून दिली. अक्का दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

नाना ट्यूब विकत कमी, नाकारत जास्त. एकदा दोन मित्र एकाच वेळी ओठ सुजवून आले. एकच ट्यूब मागत होते, दोघांत वापरू म्हणाले.

"बिडी दोघांत वापरली म्हणून तर जोडीने आलात," नाना म्हणाले. "ट्यूब ज्याची त्याची."

एका नवरदेवाला घाई होती. हळद चार दिवसांवर. गजकर्णाला लावलेली एक ट्यूब त्याच्या घरी होती, दोन दिवसांत खाज गेली होती, तीच अजून एक द्या म्हणाला. नाना एकदम उभे राहिले. "त्या ट्यूबने खाज झोपते, हा फोड नाही झोपत. हा तिच्यावर पोसतो. लावलीस तर तोंडभर घेऊन बोहल्यावर बसशील." नवरदेव गेला दुसऱ्या दुकानात. नानांनी त्याच्या मागे माणूस धाडला, ते औषध याला देऊ नका म्हणून. दुसऱ्या दुकानदाराला राग आला. नानांना त्याचं काही वाटलं नाही.

पण या माणसाची एक सवय मला चमत्कारिक वाटे. काखेत तान्हं मूल घेऊन बाई आली की नाना गल्ला सोडून मागच्या कपाटाआड जात. तिथूनच विचारत, "काय हवं?" औषध काउंटरवर सरकवून पुन्हा मागे. बोलताना तळहात तोंडावर. बायका म्हणत, नानांना पोरांचा तिटकारा आहे. स्वतःची एकुलती एक मुलगी धुळ्याला दिलेली, तीही माहेरी फिरकत नाही, यातच काय ते समजा, असंही म्हणत. मी ऐकून घ्यायची. कुणी वाईट म्हटलं की मला खरंच वाटायचं तेव्हा.

माझी ओळख वाढली ती अक्षरामुळे. ट्यूबबरोबर नाना एक चिठ्ठी देत. त्यांचं अक्षर किरटं, कुणालाच लागायचं नाही. एकदा मी बार्शीला पत्र लिहून टाकायला निघाले होते, त्यांनी पाकिटावरचा पत्ता पाहिला. "टपोरं आहे की गं. मला चिठ्ठ्या लिहून देशील?"

मी सातवीत शाळा सोडलेली बाई. माझं अक्षर कुणाला हवंसं वाटेल हे मला स्वप्नातही आलं नव्हतं. रोज दुपारी कार्बन घालून मी चिठ्ठ्या लिहू लागले. लावण्याआधी आणि नंतर हात साबणाने धुवा. ट्यूब, टॉवेल, कप, बिडी कुणाला देऊ नका. डोळ्याला आणि तोंडाच्या आत लावू नका, खपली ओरबाडू नका. दहा दिवसांत बरं वाटलं नाही, डोळा लाल झाला, किंवा साखरेचा आजार असेल तर डॉक्टरांकडे जा. अशा चार ओळी. खाली नानांनी पाचचा आकडा काढलेला असे आणि पुढे नुसतं कोरं.

"पाचवं काय लिहू?"

"आकडा लिही. पुढचं मी तोंडी सांगतो."

पण ते तोंडी काही सांगत नसत. मी कितीदा तरी कान देऊन ऐकलं. गिऱ्हाईक पुडी घेऊन जायचं, नाना त्याच्या पाठीकडे पाहत राहायचे. शेकडो चिठ्ठ्यांवर मी तो एकटा पाच लिहिला असेन.

मग मला दिवस गेले. आई अंथरुणावर होती, त्यामुळे बाळंतपण धरणगावातच झालं. मुलगी झाली, शुभा. नऊ दिवसांची असताना मला अंगात कणकण जाणवली. सकाळी ओठाच्या कडेला चुणचुणत होतं. मी लक्ष दिलं नाही. पोर नुकतीच अंघोळ करून धुरी घेऊन उबदार झाली होती. मी तिच्या गालाचा, कपाळाचा, बोटांचा मुका घेतला. किती घेतले ते आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी ओठावर झुबका. आणि शुभाच्या मानेवर बारीक बारीक पुटकुळ्या.

अक्का उठल्याच. "ताप मुती ग्या, आते काय भ्याव शे?" म्हणत नानांकडे गेल्या ट्यूब आणायला. जाता जाता म्हणाल्या, "पोरले बी तीच लाई देऊ."

दहा मिनिटांत अक्का रिकाम्या हाती परत आल्या आणि त्यांच्या मागे नाना. अनवाणी. दुकान उघडं टाकून. मी त्यांना दुकानाबाहेर कधी पाहिलं नव्हतं. ते उंबऱ्याच्या बाहेर थांबले, तोंडावर रुमाल.

"मुका घेतलास?"

 मी मान डोलावली.

"तान्ह्या पोरीला दुकानातलं काही लावायचं नाही. मी देणार नाही आणि कुणाकडून आणूही देणार नाही. हिला डॉक्टरच लागतो. आत्ता. आवर."

आमचे हे कामावर होते. नाना स्वतःच आम्हाला जळगावला घेऊन गेले. बसमध्ये मी मागे पोरीला घेऊन, शेजारी अक्का, आणि नाना पुढे ड्रायव्हरच्या पाठीशी उभे. जागा असूनही बसले नाहीत, मागे वळून पाहिलं नाही. मला वाटलं, आमची किळस येतेय. पोर मांडीवर झोपली होती. मी तिच्या नाकाशी हात धरून श्वास तपासत होते आणि मग आठवायचं की याच हाताने मी ओठ पुसला. हात काढून घ्यायची. पुन्हा राहवायचं नाही.

लहान मुलांच्या डॉक्टरांनी शुभाला उघडी करून दिव्याखाली तपासलं. पुटकुळ्या घामोळ्याच्या निघाल्या. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं तसे ते म्हणाले, "बाई, अजून रडू नका, अजून हसू नका." मला हा आजार आधीही येऊन गेला होता, त्यामुळे माझ्याकडून बाळाला थोडं संरक्षण मिळालं असेल; पण त्यावर भरवसा ठेवून बसायचं नाही. तीन आठवडे नजर ठेवायची. दूध सोडलं, अंग तापलं किंवा गार पडलं, पोर मलूल झाली, झटका आला, पाण्याने भरलेला एकही फोड दिसला, तर त्याच क्षणी आणायची. दूध पाजायचं, पण हात धुऊन, तोंडाला फडकं बांधून. खपली पडून कातडी कोरी होईपर्यंत मुका नाही.

ते तीन आठवडे मला अजून स्वप्नात येतात. फडक्याआडून मी तिच्याकडे पाहायची, ती माझे डोळेच तेवढे पाहायची. आई म्हणजे नुसते डोळे, असंच तिला वाटत असणार. टाळूचा वास यायचा आणि मी मान फिरवायची. पापणी फडफडली तरी मी अक्कांना हाक मारायची. अक्का बिचाऱ्या भांडायच्या नाहीत आता. काजळाची डबी त्यांनी आपणहून फळीवर उंच ठेवून दिली.

आणि रोज सकाळी, दुकान उघडायच्या आधी, गल्लीतून नानांचा आवाज यायचा, "पिते ना?"

"पिते, नाना."

एवढंच. पावलं निघून जायची. आत कधी आले नाहीत. एका सकाळी मला उत्तर द्यायला उशीर झाला, मी मोरीत होते. बाहेर आले तर नाना भिंतीला टेकून खाली बसलेले. चेहरा पांढरा. "पिते, पिते," मी ओरडले. ते उठायला थोडा वेळ लागला.

नवव्या दिवशी माझी खपली पडली, तरी मी फडकं सोडलं नाही. तीन आठवडे पुरे झाले. डॉक्टरांनी पुन्हा पाहिलं आणि पोर ठणठणीत आहे म्हणाले. घरी येऊन मी हात धुतले, आरशात ओठ पाहिले, आणि शुभाचा मुका घेतला. ती चिडून रडली. तिला त्याची सवयच नव्हती राहिली.

त्या दुपारी मी तिला घेऊन दुकानात गेले. नाना कपाटाआड निघाले.

"नाना, थांबा," मी म्हणाले. "तुमच्यामुळे आहे ही. हातात घ्या."

ते थांबले. पायरीवर आले, रांजणातलं पाणी घेऊन कोपरापर्यंत हात धुतले. मग दुकानातल्या आरशात कितीतरी वेळ स्वतःचे ओठ पाहिले.

"स्वच्छ आहेत की," मी म्हणाले.

"आज आहेत," नाना म्हणाले.

त्यांनी शुभाला घेतलं नाही. तिचा तळपाय फक्त तळहातावर घेतला, काही तोलून पाहावं तसा. आणि तसंच, मान खाली घालून, त्यांनी मला सांगितलं. त्यांची मुलगी पहिल्या बाळंतपणाला आली होती. मुलगी झाली. त्या आठवड्यात घरात तापाची साथ होती, नानांच्याही ओठावर आलं होतं. तेव्हा ही ट्यूब नव्हती, त्यांनी बोटाने तूप लावलं होतं. बारशाच्या दिवशी नातीला घेतलं, पोटभर मुके घेतले. आजोबाच ते. आठवड्याने पोरीने दूध सोडलं, झटके आले. जळगावपर्यंत पोचली, पुढे नाही. पुष्कळ वर्षांनी औषधांच्या एका माहितीपत्रकात त्यांनी हा फोड आणि तान्ही बाळं यांबद्दलच्या दोन ओळी वाचल्या आणि तिथल्या तिथे खाली बसले.

"त्यामुळेच गेली असं कुणी म्हणालं नाही," नाना म्हणाले. "त्यामुळे गेली नाही असंही कुणी म्हणालं नाही. माझी पोर मात्र समजून चुकली असणार. नाहीतर इतकी वर्षं का येत नाही? दुसरं बाळंतपण तिने सासरीच केलं. मी धुळ्याला गेलो, दारातूनच पाहिलं. तिनेही 'आत या, घ्या' म्हटलं नाही."

शुभाचा पाय त्यांनी हळूच सोडला.

"पाचवी ओळ तू लिही, पोरी. मला जमत नाही. कितीदा पेन टेकवला."

मी काउंटरवरच लिहिली. 'ओठावर फोड असताना तान्ह्या बाळाचा मुका घेऊ नका.' नानांनी वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली. त्या दिवसापासून ते ती ओळ प्रत्येकाला मोठ्याने वाचूनही दाखवू लागले. कपाटाआड जायचे मात्र थांबले नाहीत.

दोन वर्षांनी जिनिंग बंद पडलं आणि आम्ही वापीला गेलो. निरोप घ्यायला गेले तेव्हा नानांनी काड्यांची पुडी हातात ठेवली. "तुला पुन्हा येईल. चुणचुणलं की लगेच लाव, फोडाची वाट पाहू नकोस." आशीर्वाद म्हणून त्यांच्याकडे देण्यासारखं तेच होतं. तिथे गेल्यावर अक्कांचं पत्र आलं, कुणाकडून तरी लिहून घेतलेलं, की नाना गेले. काड्या गुंडाळता गुंडाळता, दुपारी, खुर्चीतच.

अक्कांच्या नातवाच्या लग्नाला आम्ही धरणगावात आलो तेव्हा शुभा सहा वर्षांची होती. दुकानाची फळी अर्धी उघडी दिसली. आत एक पन्नाशीच्या आतली बाई खोकी रिकामी करत होती. नाक थेट नानांचं. ती धुळ्याची ताई, नानांची मुलगी. दुकान विकायला काढलं होतं. तिच्या हातात चिठ्ठ्यांचा गठ्ठा होता.

मी कोण ते सांगितलं. "हे अक्षर माझं आहे," म्हणाले.

"पाचवी ओळही तुमची?"

"अक्षर माझं. लिहायला सांगितली नानांनी."

ती खोक्यावर बसली. "म्हणजे बाबांना कळलं होतं," ती म्हणाली. "मला एका शब्दाने बोलले नाहीत."

"काय कळलं होतं?"

"माझं." तिने चिठ्ठीची घडी घातली, उघडली, पुन्हा घातली. "बारशाच्या आधीच माझ्या ओठावर फोड आला होता. आतल्या कडेला, कुणाला दिसला नाही. मी ताप निघाला म्हणून खूश. दिवसभर तिला तोंडाशी धरून बसायची. पुढे धुळ्याच्या एका डॉक्टरीणबाईंकडून कळलं. मग या घरी कुठल्या तोंडाने यायचं? बाबांनी आनंदाने बारसं केलं होतं हो. ते दारात उभे राहिले, तेव्हा मला वाटलं, यांना माझ्या घरात पाऊलही टाकवत नाही."

 नानांनी मला सांगितलेलं माझं नव्हतं, पण गप्प राहिले असते तर ते तिथेच त्या खोक्यांत बांधलं गेलं असतं. मी सांगितलं. तूप, बोट, बारसं, माहितीपत्रक, कोरी ओळ. आरशात ओठ पाहणं. 'आज आहेत' म्हणणं. सगळं.

ती ऐकत राहिली. "मग इतकी वर्षं आम्ही दोघं..." एवढं म्हणाली आणि हातातली चिठ्ठी पुन्हा उघडली.

शुभा पायरीवरून आत आली. काड्यांचं एक खोकं उघडं होतं, त्यातली एक काडी उचलून ती कापूस पिंजू लागली. ताई तिच्याकडे पाहत होती.

"ही ती का? जळगावला नेलेली?"

"हो."

"हिचा एक मुका घेऊ?"

मी तिच्या ओठांकडे पाहिलं. कोरे होते. सहा वर्षांच्या पोरीला आता काय भीती? तरी माझ्या तोंडून निघून गेलं, "आधी हात."

ताई चमकली. मग हसली, आणि हसता हसता तिला रडू फुटलं. ती उठून पायरीशी गेली. रांजण कोरडा होता, साबणाच्या जागी नुसती सुतळी लोंबत होती. मी अक्कांकडून तांब्याभर पाणी आणलं. तिने दोन्ही हात पुढे केले आणि मी पाणी संपेपर्यंत ओतत राहिले.